मामांची तिसरी साक्ष

आमच्या मामासासऱ्यांइतका संशयी माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ते दिवसभर काचेवर लोकांची थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकात बघायचे, आणि ती खोड घरीही सुटत नसे. नव्या पेठेत कलिंगड घेताना आधी वाजवत, मग हुंगत, मग कापायला लावत, आणि लाल निघालं तरी "त्या टोकाला कच्चं असंल" म्हणून पुढच्या दुकानाकडे वळत. मामी म्हणायच्या, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही हे वाकून बघत होते, नवरी तीच हाय का.

माझी पहिली मुलगी पाच महिन्यांची असताना मला खोकला लागला, संध्याकाळी ताप चढू लागला. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं. सासूबाईंनी मुलगी काढून घेतली, शेळीच्या दुधावर ठेवली आणि मला जेऊरला माहेरी धाडायचं ठरवलं. मामा त्यांचे धाकटे भाऊ, म्हणून आधी त्यांना बोलावलं. त्यांनी माझी थुंकी नेली, रंग देऊन पाहिली. जंतू दिसला नाही.

"मग बरी हाय की," सासूबाई म्हणाल्या.

"दिसला न्हाय म्हंजे नसलाच असं न्हाय, अक्का."

मग त्यांनी माझ्या हातावर क्षय तपासायची सुई टोचली. दोन दिवसांत तिथं लाल गाठ आली. सासूबाईंनी माझं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. "आता काय बघायचं राहिलं? टांगा बोलवा."

मामांनी सुई उकळली आणि घरातल्या सगळ्यांना ओळीनं बसवून टोचलं, स्वतःलाही. गाठ बहुतेकांना आली. सगळ्यांत मोठी सासूबाईंना.

"अक्का, हात पुरीगत फुगलाय की. तुझंबी गाठोडं बांधू? एकाच टांग्यात जावा दोघी."

"मला काय धाड भरलीय, मुडद्या?"

"तेच म्हणतोय मी. ह्या गिरणीच्या गावात जंतू कुणाला शिवला न्हाय? कधी तरी त्याच्याशी गाठ पडलीती, एवढंच सुई सांगती. आज तो आत बसलाय का, ते न्हाय सांगत."

उरली तिसरी साक्ष. माझी थुंकी त्यांनी एका गिनीपिगला टोचली. हा बिनशेपटीचा, गुबगुबीत उंदीरच. जंतू असेल तर दीड-दोन महिन्यांत त्याच्या पोटात दाणे उठतात. तोवर मुलगी माझ्याकडे नाही आणि मी जेऊरला नाही, असा मामांचा हुकूम. मी सोप्यात एकटी निजायची. मुलगी आत रडली की माझी चोळी भिजायची. पुढं तीही भिजेनाशी झाली. दर रविवारी मामा येत आणि माझ्याकडे न बघता जनावराची तब्येत सांगत. "लसूणघास लई खाल्ला आज." एकदा म्हणाले, "मलूल वाटतंय," तर सासूबाईंनी तो आठवडाभर माझं ताट काठीनं सरकवलं. माझा खोकला ओसरत चालला होता, पण मामा त्याला साक्ष मानायला तयार नव्हते.

शेवटी एका दुपारी ते आले. "जनावर कापलं. आत एक दाणाबी न्हाय." सासूबाईंच्या मांडीवरून मुलगी उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. ती मला विसरली होती. किंचाळत सासूबाईंकडे झेपावू लागली. मी तिला परत द्यायला उठले.

"धर तिला," मामा ओरडले. "रडंना का."

सासूबाईंनी जेवायला पानं घेतली. मामा बसले नाहीत. म्हणाले, "आज नको, अक्का. सकाळी माझ्या हातनंच खाल्लं त्या जनावरानं." चपला घातल्या आणि उन्हात निघाले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते. मुलगी तोवर रडून दमली आणि माझ्या खांद्यावरच झोपी गेली.