रश्मी मॅडमचा टेक्निकल फाऊल

रश्मी राऊळला लहानपणापासून एक खोड होती. कुणी "तुला नाही जमायचं" म्हटलं, की तिला ती गोष्ट करायचीच असायची. वडील दत्ताराम गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गला एका सोसायटीत वॉचमन झाले होते. त्यांची ही पोर पार्ल्याच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या निवडीला गेली, तेव्हा सरांनी तिची बेताची उंची बघून सांगितलं, "तू खो-खोला जा." ती हलली नाही. त्याच कॉलेजची पॉइंट गार्ड झाली. बॉल घेऊन पुढे जायचं आणि कुणी कुठे पळायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. थर्ड इयरला कॅप्टन झाली, आणि त्याच वर्षी अंधेरीतल्या एका सामन्यात उडी मारून खाली येताना गुडघा आतल्या आत वळला. डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल. खेळायचं मात्र विसरा."

"मग शिकवीन," रश्मी म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, ती गंमत करतेय.

सुरुवातीला एका शाळेत तिला बॉलमध्ये हवा भरायला आणि पोरींच्या बाटल्या सांभाळायला ठेवलं. तिने तेही केलं, पण मधल्या सुट्टीत स्वतःची टीम बांधली. पुढे तिच्याच कॉलेजने तिला मुलींचा संघ दिला. काही वर्षांनी मुलांचे कोच हंगामाच्या तोंडावर नोकरी सोडून गेले. दुसरं कुणी मिळेना, म्हणून क्रीडा विभागाच्या सीताराम सरांनी "तात्पुरतं" म्हणत मुलांचा संघही तिच्याकडे सोपवला.

पहिल्याच दिवशी हर्षद नावाचा सगळ्यात उंच मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुलींचं बघा ना. आमचं आम्ही करतो."

"झकास," रश्मी म्हणाली. "मग करून दाखव. मुलींच्या संघाविरुद्ध मॅच लाव."

मुलींनी त्यांना इतकं पळवलं, की हर्षद शेवटी कोर्टच्या कडेला बसून ओकला. दुसऱ्या दिवसापासून मुलं वेळेवर यायला लागली.

मुलांनी सेमीफायनल गाठली तेव्हा रश्मीला सातवा महिना होता. नवरा अनिरुद्ध खुर्चीवर ठेवायला एक जाड उशी घेऊन आला. आई शेवंती मात्र फणफणली. "बाय, आता तरी घराक बस! पोटात पोर, आनि तू त्या पोरग्यांच्यात बोंब मारतंस. लोक काय म्हणतले?"

"आये, लोकांना बास्केटबॉल कळतो कुठे?"

सीताराम सरांनी वेगळा सूर लावला. "तू आराम कर गं. सामना मी बघतो. उगाच काही झालं तर कॉलेजवर येईल."

"डॉक्टरांनी परवानगी दिलीय, सर. तुम्ही प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवा."

सामना सुरू झाला. दुसऱ्या संघाचा एक दांडगा पोरगा बास्केटखाली हर्षदच्या बरगडीत पुन्हा पुन्हा कोपर घालत होता. रेफरी शिट्टी वाजवेना. रश्मी उभी राहून ओरडली, "अहो, दिसत नाही का?"

रेफरी जवळ आला. आवाज अगदी मऊ करून म्हणाला, "मॅडम, या अवस्थेत एवढं चिडू नका. बसा बरं."

रश्मीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "माझी अवस्था बघू नका," ती म्हणाली. "त्याचं कोपर बघा. तेवढंच तुमचं काम आहे."

रेफरीने दोन्ही हातांनी इंग्रजी टी करून दाखवला. कोचवर टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाचा दंड. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता एका पॉइंटसाठी करायची फेक, मिळाला आणि तो बास्केटमध्ये गेला. सामना शेवटपर्यंत रंगला, आणि रश्मीचा संघ एका पॉइंटने हरला.

ड्रेसिंग रूममध्ये हर्षद टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता. "मॅडम, तो एक पॉइंट..."

"माझ्यामुळे गेला. खरंय," रश्मी म्हणाली. "आता तू किती फ्री थ्रो हुकवलेस, तेही बोलूया ना."

कुणीतरी फिसकन हसलं. हर्षदनेही टॉवेल खाली केला.

दोन दिवसांनी सीताराम सरांनी तिला बोलावून घेतलं. "आयोजक नाराज आहेत. माफी माग, विषय संपेल."

"आवाज चढवला त्याची मागते. मी तिथे उभी होते, याची मागणार नाही."

"बरं, बाळंतपणानंतर फक्त मुलींचा संघ घे. तुला सोपं पडेल."

"मुलींचा संघ सोपा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर? मी त्यात खेळलेय. माझा गुडघा गेलाय त्यात." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मी परत आले की दोन्ही संघ घेणार."

मुलगी झाली. मधल्या काळात कॉलेजने बाहेरून एक कोच आणला. हर्षद चोरून फोन करायचा, "मॅडम, हे सर काहीतरीच खेळवतात. तुम्ही सांगा ना." रश्मीचा जीव तुटायचा, पण खेळाबद्दल तिने एकही सूचना दिली नाही. "आता तुमचा कोच तो आहे. त्याचं ऐका," एवढंच म्हणायची. संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि तो कोचही गेला.

नवीन वर्षाच्या पहिल्या सरावाला रश्मी कुणालाही न विचारता कोर्टवर उतरली. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. सीताराम सर व्हरांड्यातून बघत राहिले. सराव संपल्यावर त्यांनी शिपायाकरवी नवे बॉल पाठवले.

त्या वर्षी मुलं जिंकली. मुली फायनलला हरल्या, आणि रश्मीला जिंकल्याच्या आनंदापेक्षा त्यांचं हरणंच जास्त लागलं.

आता उपनगर जिल्ह्याच्या मुलांच्या संघासाठी तिला विचारणा झालीय. असिस्टंट कोच म्हणून. मुख्य जागेवर कुणी अनुभवी गृहस्थ येतील म्हणे. अनिरुद्ध म्हणाला, "घे ना. आत तरी शिरशील."

तिने फोन करून कळवून टाकलं, "असिस्टंटला येणार नाही. मुख्य कोच हवी असेल तर बोलवा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, अशी संधी परत येत नाही."

"ती नाही आली, तर मी परत येईन," रश्मी म्हणाली आणि फोन ठेवला.