देव पाण्यात होते तेव्हा

देवाने माझं काही ऐकावं, अशी मी त्याच्याशी कधी वागले नव्हते. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं आणि त्या वर्षांत डोक्यात वारं शिरलं. सत्ता म्हणजे काय, ती कुणाच्या हातात असते, तिला जाब कोण विचारतो, असल्या प्रश्नांची चटक लागली. आई देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसली की मी मुद्दाम विचारायची, "तुझ्या देवाला निवडून कुणी दिलं?" ती नुसतं "गप बस, बया" म्हणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. आज हे लिहिताना शरम वाटते. पण पुढचं नीट सांगायचं, तर मी तेव्हा कशी होते हेही सांगायला हवं.

बहात्तर सालचा आषाढ सरत आला होता. शेवगावपासून पायी तासाभरावर आमचं गाव. पावसाचा पत्ता नव्हता. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि बरीच माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आई आणि दादाही जात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी मात्र घरी बसून पुण्याच्या कागदाची वाट पाहत होते. विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी मी अर्ज केला होता. दादांनी स्वतः नगरला जाऊन तो पोस्टात टाकला होता आणि येताना पेढे आणले होते, जणू प्रवेश मिळालाच. मग तेच साऱ्या गावाला सांगत सुटले, "आता पुन्यास्नं कागद यायचा हाय." तेव्हापासून भेटेल तो मला विचारायचा, "आला का गं कागद?"

पोस्टमन आमच्या गावात मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. मी पारावर जाऊन उभी राहायची. पहिल्या आठवड्यात तो हसून मान हलवायचा. नंतर नंतर मला लांबून बघितलं की तो सायकल दुसऱ्या बोळाने घालू लागला. त्याचंही बरोबर होतं. अशा वाट पाहण्याने माणूस थकतो, आणि तो थकवा कुणाला दाखवताही येत नाही. आईचे हात खडीने सोलवटलेले दिसायचे. माझं काय दुखत होतं ते कुठे दिसत होतं? पुस्तक उघडलं तर पान उलटायचं राहून जायचं. दोन कोसांवरच्या विहिरीवरून पाणी आणायचं तेवढं काम माझ्याकडे होतं. सकाळी एक खेप, दुपारी एक खेप, आणि दोन्ही वेळा डोक्यात एकच, कागद.

त्यातच शेवगावच्या एका हायस्कुलातून मास्तरणीच्या जागेचं बोलावणं आलं. त्या दुष्काळात असा पगार म्हणजे घराला मोठाच आधार होता. हेडमास्तरांनी सांगितलं, येत्या सोमवारी दहा वाजता हो किंवा नाही कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. हो म्हटलं तर शिक्षण संपलं. नाही म्हटलं आणि कागद आलाच नाही, तर दोन्हीकडून हात रिकामे. दादा म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तूच ठरव." मला ते ओझं नको होतं.

आईने मग आपल्या रीतीने तोड काढली. देव्हाऱ्यातले कुलदेवतेचे चांदीचे टाक उचलले आणि पितळेच्या पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवले. पोरीचा कागद येईपर्यंत देव पाण्यातून बाहेर काढायचे नाहीत. मी भडकले. पाण्याच्या एकेका कळशीसाठी मी कोसकोस तुडवते आहे, आणि इथे देव आंघोळीला बसलेत! "हा देवाला घातलेला घेराव आहे," मी म्हणाले. आईला घेराव म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती रोज सकाळी जुनं पाणी वासराला पाजायची, पातेल्यात ताजं ओतायची आणि कामावर जायची.

तो शनिवार होता. सकाळची खेप करून मी दारातच बसून राहिले. दुसऱ्या खेपेला उठावंसं वाटेना. सकाळचं पाणी स्वयंपाकाला आणि वासराला संपून रांजण कोरडा पडला होता, पडू दे म्हटलं. भर दुपारी एक म्हातारी दाराशी आली. पाय धुळीने माखलेले, बगलेत गाठोडं, ओठांना भेगा पडलेल्या. गोदावरीपलीकडून चालत आले म्हणाली. "घोटभर पानी दे गं, माय."

मी आत गेले आणि माझ्या ध्यानात आलं, घरात पाणी होतं ते फक्त पातेल्यात, देवांच्या अंगावर. मला वाटलं होतं, मी हसत हसत ते टाक बाहेर काढीन. पण माझा हात पुढे जाईना. देव बाहेर निघाले तर कागद येणार नाही, अशी मला भीती वाटत होती. घेराव म्हणून हसणारी मी, आईपेक्षाही घट्ट त्या पातेल्याला चिकटून बसले होते. बाहेर तहानलेलं माणूस उभं होतं आणि मी चूल, पातेलं, दार असं बघत राहिले. मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच आलं. मी एकेक टाक उचलला, पदराने पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. "आता तुझं तू बघ. माझ्याच्याने होत नाही," एवढंच म्हणाले. तीच माझी पहिली खरी प्रार्थना असावी.

पातेल्यातलं पाणी तांब्यात ओतून मी बाहेर नेलं. म्हातारीने पाण्यात तरंगणारी टाकांवरची हळद पाहिली, तांब्या कपाळाला लावला आणि मग प्यायली. डोळे पुसत उभ्या असलेल्या मला तिने काय झालं म्हणून विचारलं, आणि मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं.

"कागद आला न्हाई," ती म्हणाली, "मंग जाऊन इचारलं का कुनाला?"

"नाही."

"का गं?"

खरंच, का नाही विचारलं?

"म्या तर आडानी हाय. ल्योक खडीच्या कामावर गेल्ता, दोन म्हैने झाले, सांगावा न्हाई. मंग निघाले. नगराकडं मोठं काम हाय म्हनत्यात, इचारत इचारत चाललेय. इचारलं तर कुनी मारतंय व्हय?"

तिने गाठोडं उचललं आणि ती रस्त्याला लागली.

संध्याकाळी आई आली. देव्हाऱ्याकडे बघून थबकली. मी भीतभीत सारं सांगितलं. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "बरं केलंस. मला बी रोज वाटायचं, काढावं. त्यास्नी असं कोंडून ठेवायचं बरं वाटत नव्हतं. पन तुझं तोंड बघितलं की हात उचलत नव्हता." दादांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "सोमवारची पयली यष्टी धर. हेडमास्तरला मी सांगतो. जागा गेली तर गेली."

सोमवारी दुपारी मी पुण्याला विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या दारात उभी होते. चष्म्यातून बघत कारकून म्हणाले, "पत्र? पत्रं कुणालाच धाडत नाही आम्ही. यादी लागते, बाहेर फळ्यावर. दहा दिवस झाले."

मी फळ्याकडे गेले. शेवटून तिसरं नाव माझं होतं. "आजचा दिवस शेवटचा," मागून ते म्हणाले, "पाच वाजता न आलेल्यांची नावं कापणार." मी तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. ज्या कागदासाठी आम्ही देव बुडवले, तो कुणी लिहिलाच नव्हता. आमच्या घरात हे कुणाला माहीत असणार? आम्ही जन्मभर वाट पाहत बसलो असतो. मग डोळे पुसून मी आत गेले आणि पाचच्या आत प्रवेश घेतला.

आई शेवटपर्यंत म्हणायची, ती म्हातारी म्हणजे देवीच होती. मी वाद घालत नाही. पण मला ती बाईच वाटते. स्वतःचं दुःख गाठोड्यासारखं बगलेत मारून चाललेली, आणि तरी माझं ऐकायला दारात थांबलेली. कृपा अशीच पायी येत असेल तर मला पुरे आहे. देवावर सोडून देणं म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे, एवढं मी तिच्याकडून शिकले. फळाचं ओझं त्याच्यावर टाकायचं आणि आपण उठून चालू लागायचं.

पुण्याहून परत आल्यावर आईने विचारलं, "त्या बाईचं नाव काय? ल्योकाचं नाव काय?" ते मी विचारलंच नव्हतं. मी माझंच सांगत बसले होते. इतकी वर्षं झाली, देवापुढे हात जोडले की अजून मी आधी हेच विचारते, तिला तिचा मुलगा भेटला का?