आंजीच्या प्रेमदासनं बसवलेली नळी

रविवार, ११ फेब्रुवारी १९७९. थंडी ओसरली. रायफल क्लबच्या मैदानावर पाच गोळ्या झाडल्या. पहिली मधोमध, पुढची प्रत्येक थोडी वर, पाचवी कागदाबाहेर. पुंडलिकराव बोलले ते लिहीत नाही. दुपारी रायफल घेऊन आंजी गावाला, प्रेमदासकडे. शेजारच्या शोभाबाईंनी लिंबं पाठवली.

रोजच्या वहीत लिहिलं नाही, तरी आंजीच्या रस्त्यावर नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेल्या सुनीतीच्या कानात तेच घुमत होतं. पुंडलिकराव क्लबचे सेक्रेटरी. सगळ्यांसमोर म्हणाले, "सुनीतीताई, बैलगाडीवाल्यानं केलेला दस्ता तो! फेका, नाहीतर रायफलच विका."

रायफल सासऱ्यांची, अण्णाजींची; शिकारीसाठी घेतलेली, हलकी. शिकार बंद झाल्यावर अण्णाजींनी ती सुनेच्या नावे करून दिली, कारण एन.सी.सी.त तिचा नेम नावाजलेला. नळी ज्यात बसते तो मूळ लाकडी दस्ता तडकला, तेव्हा नवा सागवानी दस्ता प्रेमदासनं घडवला. नेम बिघडला तो तेव्हापासून.

प्रेमदास सुतार बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचा. त्याचं चाक पंचक्रोशीत करकरत नसे. पण आता टायरच्या बंड्या निघाल्या होत्या, लाकडी चाक मागायला कोणी येईना. सुनीतीनं सेक्रेटरींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"बाई, दस्ता माह्या हातचा हाय. खराब असन त मीच कुऱ्हाडीनं फोडीन. पण अगोदर पाहू त द्या."

लायसन सुनीतीच्या नावाचं, म्हणून रायफल त्याच्या घरी ठेवता येत नव्हती. ती ओट्यावर बसली आणि तो कामाला लागला. एरंडेलात कालवलेलं काजळ त्यानं नळीला फासलं, नळी दस्त्याच्या पन्हळीत बसवली आणि अलगद उचलली. पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

"पाहा! केस घुसाले जागा नाई. याच्याहून घट्ट कोण बसवते?"

"पण प्रेमदासजी, गोळ्या वर चढतात."

"पहिल्यापासून?"

"नाही. पहिली बरोबर जाते. मग नळी तापत जाते, तशा वर. निवली की पुन्हा बरोबर."

अंगणात त्याची बायको धुरपता चाकाची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवत होती. तिनं हाक मारली, "अवो, उठा ना! धाव लाल झाली. थंडी झाली त चाकावर चढन का?"

प्रेमदासनं कपाळावर हात मारला. "तीस वर्षं झाली धाव तापवून राह्यलो! तापलं लोखंड वाढते हे मले कोणी सांगाव? अन् या नळीले मी जागाच नाई ठेवली. वाढन त जाईन कुठं बिचारी?"

"आधी धाव पाहा, मंग नळी," धुरपता म्हणाली.

त्या आठवड्यात शाळेतलं शिकवणं आटोपलं की सुनीती आंजीच्या ओट्यावर. नळीचा मागचा जाड भाग प्रेमदासनं काजळ लावून, खरवडून, पुन्हा काजळ लावून पक्का बसवला. पुढची पन्हळ मात्र कोरत गेला, पोस्टकार्ड नळीखालून अडथळ्याविना सरकेपर्यंत. आतलं लाकूड ओल धरू नये म्हणून जवसाचं तेल पाजलं.

अठराला क्लबात संघाची निवड होती. धुतलेलं धोतर नेसून प्रेमदास धुरपतासोबत मैदानाच्या कडेला उभा राहिला. पुंडलिकराव हसले, "आली का बैलगाडी?"

सुनीतीनं न थांबता पाच गोळ्या झाडल्या. शंभर यार्डांवरून कागद आणला गेला. प्रेमदासनं खिशातली चुन्याची डबी काढून त्यावर ठेवली. पाचही भोकं डबीखाली झाकली गेली. टाळ्या पडल्या. संघाच्या यादीत सुनीतीचं नाव पहिलं लागलं.

पुंडलिकरावांनी कागद दोनदा उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, "प्रेमदासजी, आमच्याही रायफलीचं जरा पाहाल का?"

"तुमचा दस्ता त कारखान्याचा हाय, साहेब. बैलगाडीवाल्याले काऊन दाखवता?" त्यानं डबी खिशात टाकली. "आणजा आंजीले. पण माह्या ओट्यावर बसा लागन. लायसनवालं काम हाय!"

सगळ्यांत मोठ्यानं सुनीतीच हसली. पुढची दहा वर्षं त्या ओट्यावर हिंगणघाटपासूनचे लायसनवाले येऊन बसले, आणि पहिले बसले पुंडलिकराव.

निवडीच्या दिवशी मैदानावरून प्रेमदास आणि धुरपताला सुनीतीनं जेवायलाच घरी आणलं. त्या संध्याकाळी वहीत निकालाखाली तिनं लिहिलं: जेवायला दोन पानं जास्त. ज्वारीचं पीठ संपलं, उद्या दळण.