कागद कुटणारी यमुना

यमुना गेल्याचं मला तिच्या जावेने, सखूने, येऊन सांगितलं. गिरगावातल्या आमच्या शाळेची मधली सुट्टी होती. सखू जिन्याच्या खालच्या पायरीवर पदर तोंडाला लावून उभी. "परवा गेली," म्हणाली. "परवा? आणि मला आज सांगतेस?" मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. "बाई, तुमचा पत्ता कागदावर लिहिलेला होता... तिच्या कागदांच्या ढिगात तो मिळता मिळेना." यमुनाची चाळिशीही झाली नव्हती. पंधरा वर्षं गिरणीच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळताना कापसाची धूळ छातीत गेली, आणि ज्याला त्याला तो "साधा खोकला" वाटला. दवाखान्यात लाल औषधाची बाटली द्यायची आणि परत पाठवायचं. याला आता पाच आठवडे झाले. रडून झालं माझं. हे लिहिते आहे ते रागाने, आणि त्या रागातून मी स्वतःलाही सोडलेलं नाही.

आमची ओळख तुरुंगातली. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आमची बायकांची तुकडी पकडली गेली. कुणी गिरगावातल्या, कुणी दादरच्या, आणि लालबाग-परळकडच्या गिरणीतल्या पाच-सहाजणी. बराकीची फरशी ओली आणि अंथरायला जे दिलं होतं त्याला वास. पहारेकरणीकडून रद्दी वर्तमानपत्रं मागून घेऊन यमुना कोपऱ्यात बसली आणि त्यांच्या पट्ट्या काढायला लागली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "ओ मास्तरीणबाई, उभा फाडा, उभा. आडवा कागद वाकडा फाटतो." चौथीपर्यंत मराठी शिकवणाऱ्या मला वर्तमानपत्र कसं फाडायचं हे ठाऊक नव्हतं! तिने पट्ट्या वळल्या, विणल्या, आणि आठवडाभरात प्रत्येकीला बसायला एक आसन मिळालं. दादरच्या एका महिला मंडळाच्या सचिव आमच्यातच होत्या. त्यांनी ते आसन हात फिरवून फिरवून पाहिलं आणि यमुनाला जवळ घेऊन म्हणाल्या, "अगं, आपण सगळ्या आता एका आईच्या लेकी." त्या तेव्हा खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. म्हणूनच जास्त संताप येतो.

सुटल्यावर मी तिच्याकडे लोअर परळला जायला लागले. दहा बाय दहाची खोली, माणसं सात. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की आमच्या गिरगावातल्या दोन खोल्या मला ओसाड वाटायच्या. चुन्यात नीळ घालून भिंती तिने स्वतः रंगवल्या होत्या. जुन्या पुठ्ठ्यात पिंपळपान कोरून, त्यावरून गेरूचा बोळा फिरवत तिने भिंतीभर पट्टा काढला होता. गिरणीतून मिळणाऱ्या तुकड्यांचा पडदा होता, पण रंग असे जुळवलेले की तुकडे आहेत हे सांगावं लागे. कॅलेंडरच्या कागदाचे मणी वळून केलेल्या माळा दारावर होत्या. आणि सगळ्यांत सुंदर तिच्या टोपल्या. रद्दी चार दिवस भिजवायची, कुटायची, त्यात भिजलेली मेथी वाटून घालायची म्हणजे कीड लागत नाही, आणि तो लगदा पालथ्या मडक्यावर थापून उन्हात वाळवायचा. वरून हळद नाहीतर गेरू. हातात घेतली तर हलकी, वाजवली तर लाकडासारखी. चळवळीच्या गोळीबारात गेलेल्यांची नावं छापून आलेली पानं मात्र ती कुटायची नाही. ती पानं तिने ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती. "हौस भारी तुला," असं मी एकदा म्हणाले तर चिडली. "हौस कसली? आम्ही गरीब आहोत, घाणेरडे नाय. घरात आल्यावर माणसाला बरं नको वाटायला?"

त्याच साली त्यांच्या घराने बाबासाहेबांच्या मागून बौद्ध धम्म घेतला. पुढच्या संक्रांतीला दादरच्या त्या महिला मंडळाने घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. मीही तोवर मंडळाची सभासद झाले होते. यमुना नको म्हणत असताना तिच्या पाच टोपल्या मीच नेऊन दिल्या. वस्तूंवर नावं नव्हती, फक्त आकडे. परीक्षकबाईंनी यमुनाच्या हळदी टोपलीला पहिलं बक्षीस दिलं आणि सचिवबाईंनी कौतुकाने त्याच टोपलीत तिळगूळ भरला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना त्यातूनच वाटायचा म्हणून. मग वहीत आकड्यासमोरचं नाव पाहिलं गेलं. सचिवबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं, "अहो, यमुना! आपल्याबरोबर तुरुंगात होती ती." त्या म्हणाल्या, "तुरुंगातलं वेगळं, कुसुम. इथे हळदीकुंकू आहे." आणि माझ्यादेखत तो तिळगूळ पितळी परातीत ओतला गेला. पहिलं बक्षीस दुसऱ्याच कुणाला दिलं आणि यमुनाच्या नावाला "उत्तेजनार्थ".

यमुना चौथ्या रांगेत बसली होती. तिने सगळं पाहिलं. उठली, सरळ टेबलापाशी गेली आणि एकात एक घालत पाचही टोपल्या उचलल्या. सचिवबाई घाईने म्हणाल्या, "अगं, बक्षीस घेऊन जा ना!" यमुना म्हणाली, "तिळगूळ परातीतच बरा आहे, बाई. टोपल्या माझ्या आहेत." सभागृहात शंभरेक बायका होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. मी माझ्या चपलांकडे बघत बसले... ट्रामच्या थांब्यावर तिला गाठलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू का गप्प बसलीस?" ट्राम आली, ती चढली आणि मला हात केला नाही.

चार महिने मी तिच्याकडे गेले नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटणं म्हणजे काही केल्यासारखंच आहे अशी माझी समजूत होती. शेवटी गेले. माफी मागितली. ती लगदा थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी माफी घेऊन मी काय करू? भिंतीवर लावू?" आणि मग स्वतःच हसली. त्या दिवशी चाळीच्या गॅलरीत तिच्याभोवती नऊ-दहा बायका बसलेल्या होत्या. गिरणीच्या सुट्टीला ती त्यांना शिकवायची. तिने कधी कुणाला जात विचारली नाही, आणि शिकवण्यात काही राखूनही ठेवलं नाही.

दोन वर्षांनी त्याच मंडळाचा निरोप आला. टाकाऊतून टिकाऊचा वर्ग काढायचा आहे, यमुनाबाईंनी शिकवायला यावं. मला वाटलं, ती चिठ्ठी कुटून टाकेल. पण ती गेली. टेबलावर टोपली ठेवली, त्यात कुरमुरे ओतले आणि म्हणाली, "आधी ह्यातले खायचे. मग शिकवीन." तीन बायका उठून गेल्या. अकराजणींनी खाल्ले. सर्वांत शेवटी, दरवाजाकडे दोनदा बघून, सचिवबाईंनीही दोन दाणे उचलले. यमुना म्हणाली, "मूठ भरून घ्या, बाई." त्यांनी घेतली.

आणि आता गेल्या पंधरवड्यातली शोकसभा. महाराष्ट्र झाला, मंडळाला मोठं सभागृह मिळालं, फोटोला हार घातला. सचिवबाई म्हणाल्या, "एका अडाणी गिरणी कामगार स्त्रीच्या हातांना आमच्या मंडळाने कला दिली." मी उभी राहिले. म्हटलं, "हे खोटं आहे. तुमच्या मंडळाने तिला परात दाखवली." आणि तिळगुळाची हकिकत सांगायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "अशा प्रसंगी हे काढू नये." "मग कोणत्या प्रसंगी काढायचं? ती जिवंत होती तेव्हा तर आपण सगळ्या गप्प होतो!" सचिवबाईंनी घाईघाईने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची सूचना केली. सगळ्या माना खाली घालून उभ्या राहिल्या. मी स्तब्ध राहिले नाही. त्या दोन मिनिटांत मी उरलेलं सगळं सांगून टाकलं, माझ्या चपलांसकट.

पुढच्या रविवारी लोअर परळला गेले. गॅलरीत बायका बसल्या होत्या, मधली जागा मोकळी ठेवून. सखूने घमेल्यावरचं फडकं काढलं. "चार दिवस भिजलाय. आज कुटला नाय तर वास मारेल." मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि आम्ही कुटायला बसलो.