पोचे आलेल्या ताटल्या

रविवारी मुलीला भेटायला तिच्या निवासी शाळेत गेले, तेव्हा स्वयंपाकघराबाहेरच्या कठड्यावर स्टीलच्या ताटल्या उन्हात वाळत होत्या. एकही धड नव्हती. इथली लहान मुलं राग अनावर झाला की ताटली भिरकावतात. शांत झाली की त्यांना सांभाळणाऱ्या ताईंशेजारी बसून लाकडी हातोडीने पोचा ठोकून काढतात आणि पुन्हा त्याच ताटलीत जेवतात.

"प्लॅस्टिकच्या का नाही आणत?" मी ताईंना विचारलं.

"त्यांना पोचा येत नाही. मग मुलांनी नीट काय करायचं?"

नातेवाईक मला अजून ऐकवतात, एवढ्याशा पोरीला लांब टाकलीस म्हणून. खुशाल ऐकवा. ती हात उगारायची तेव्हा आपापली मुलं उचलून तुम्हीच घरी गेलात. वाढदिवसांना बोलवायचं बंद केलंत. इथे ताटली फेकल्यावरही तिला जेवायला हाक मारतात.

जेवताना तिने स्वतःची ताटली माझ्यापुढे सरकवली. ठोकूनही मधे खळगा उरला होता.

"आई, यात जेव. यातलं वरण पळत नाही."

दिवाळीला ती घरी येईल, तेव्हा ही ताटली मी ताईंकडून मागून नेणार आहे. सगळ्या पाहुण्यांच्या पंगतीत ती हिच्यातच जेवेल.