यथावकाश

किशन सर गेले.

आज सकाळी, हातात चहाचा कप असताना. एका मिनिटात.

त्यांच्या आयुष्यात इतक्या लगेच झालेली ही एकच गोष्ट.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. औरादच्या सरकारी हायस्कुलात ते आम्हाला संस्कृत शिकवायचे. घर बौद्ध, वडील शेतात राबणारे, आणि सरांना धातुरूपं तोंडपाठ. गावाला याचं नवल वाटायचं. सरांना गावाचं नवल वाटायचं.

आणीबाणीच्या आधी त्यांची नेमणूक झाली. टाईप केलेली ऑर्डर, खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित.

फक्त शाळेचं नाव नव्हतं. ते ‘इन ड्यू कोर्स’ कळवण्यात येईल, असं शेवटच्या ओळीत होतं. तोवर दुसरीकडे नोकरी धरली तर नेमणूक रद्द.

सरांनी त्या तीन इंग्रजी शब्दांचं एका शब्दात भाषांतर केलं. यथावकाश.

आणि वाट बघत बसले.

आठ वर्षं.

अप्पांनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी, त्याच दिवशी पत्र्याची ट्रंक भरून दाराशी ठेवली. दोन पांढरे शर्ट, धोतर, पांघरूण आणि खडूचा एक नवा डबा. "साळंत खडू नसला म्हंजे?"

उदगीरच्या एका खासगी शाळेनं दोनदा बोलावलं. सर गेले नाहीत. इकडची ऑर्डर उद्या आली तर?

दर सोमवारी बिदरची बस. ऑफिसातला क्लार्क बिचारा चहा पाजायचा आणि म्हणायचा, "मुंदिन वारा बन्नी." पुढच्या आठवड्यात या.

सर म्हणायचे, माझं कन्नड या एका वाक्यावर पक्कं झालं.

एकदा त्यानं विचारलं, "मास्टरसाब, आप संस्कृत कायकू लिए?"

सर म्हणाले, "बाकीच्या विषयात जागा लगेच मिळती म्हणं. म्हणून."

क्लार्क हसला. निवडयादीत सरांच्या खाली असलेले तिघे तोवर शाळांवर रुजू झाले होते. ते त्यालाही माहीत होतं.

सहाव्या वर्षी अप्पा अंथरुणाला खिळले. दिसेना, ऐकू कमी. तरी रोज एकच प्रश्न.

"किशन, साळा कोन्ती ते कळलं का रं?"

एक दिवस सर म्हणाले, "व्हय अप्पा. आपल्या औरादचीच."

अप्पांनी खाटेवरून हात लांबवून ट्रंक चाचपली. "मग ट्रंक कामून दाराशीच हाय?"

"उद्या न्यायलोय."

दोन दिवसांनी अप्पा गेले. सर आम्हाला म्हणायचे, मी जन्मात एकदाच खोटं बोललो. परीक्षेत तुम्ही एवढं खोटं लिहिता, तुमचं कसं व्हायचं?

त्या महिन्यातच त्यांनी बिदरच्या एका वकिलांकडून बेंगळूरच्या हायकोर्टात रिट घातली. मागणी साधी होती. नेमलंय, तर कामावर पाठवा. न्हाई तर कामून न्हाई, ते सांगा.

आणखी दोन वर्षं गेली. खात्याचं म्हणणं, जागा रिकामी नाही. न्यायाधीशांनी रजिस्टर मागवलं.

रजिस्टरात निघालं काय? औरादच्या हायस्कुलात संस्कृतची जागा आठही वर्षं रिकामी.

ऑर्डर झाली. चार आठवड्यांत रुजू करून घ्या, नेमणूक मूळ तारखेपासून धरा. माणूस निवडायचा आणि मग कारण न देता तिष्ठत ठेवायचा, ही कुणाच्या मर्जीची गोष्ट नाही, असं काहीसं त्यात होतं. सरांना ते पाठ होतं. धातुरूपांसारखं.

त्या आदेशाचं नाव मँडेमस. त्यावर सर खूश.

"लॅटिन क्रियापद आहे हे. आम्ही आज्ञा करतो. काळ कोणता? वर्तमान! भविष्यकाळ न्हाई!"

मी तेव्हा आठवीत. सर वर्गात आले ते ट्रंकेतला पांढरा शर्ट घालून. घड्या काही मोडेनात. अप्पांच्या डब्यातला खडू काढला, फळ्याला लावला, आणि त्याचा हातातच भुगा झाला. आठ वर्षांची ओल.

आम्ही हसलो. सरही हसले. मग पाठ फिरवून बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

हजेरी घेतली. शेवटचं नाव झाल्यावर स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच म्हणाले, "हजर."

पुढं समास शिकवताना उदाहरण अर्थातच ‘यथावकाश’, म्हणजे सवडीनं.

"अव्ययीभाव. अव्यय म्हंजे ज्याचा व्यय होत न्हाई. शब्दाचा होत न्हाई. माणसाचा होतो. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. परीक्षेत तसंच उतरवलं. सरांनी पूर्ण मार्क दिले.

रिटायर मात्र खात्यानं अगदी ठरल्या तारखेला केलं. एक दिवस इकडे तिकडे नाही.

गेल्या दिवाळीत मला इकडे सोलापूरला सरांचा फोन आला होता.

"सोलापूर काय लंडनला हाय का गं? ये की एकदा. डोळे गेलेत आता, कुणी वाचून दाखवणारं न्हाई."

मी म्हणाले, "येते की सर. सवडीनं येते."

सर म्हणाले,

"सवडीनं? समास सोड बघू."

मी हसले. सर हसले नाहीत, हे मला आज सकाळी कळलं.

अक्कांनी, सरांच्या पत्नींनी, फोनवर सांगितलं की खुर्चीशेजारी एक पुस्तक काढून ठेवलेलं होतं. "तू येणार म्हणलीस ना. तेव्हापासून तिथंच हाय. मला उचलू दिलं न्हाई."

सर, दुपारच्या बसनं निघालेय. वाचून दाखवते.

उशीर माझा. कारण विचारू नका, माझ्याकडे ते नाही.

तुमच्या चरणी, हजर.