मागचे दोन पट्टे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता काहून सांगून राहिलो, ते मलाही नीट माहीत नाही. लोकांच्या कौतुकाचा वीट आला, एवढं मात्र खरं. परवा एका मुंजीत एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बहिणीचं तुम्ही केलं तसं आजकाल कोण करतं." मी मान हलवली. दरवेळी हलवतो. दहा-बारा वर्षं तीच मान, तशीच हलवतो आहे.

सुमनताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, लग्न केलं नाही. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना मणक्याचा आजार झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. मग ती आमच्याकडे आली, सराफ्यामागच्या गल्लीतल्या घरी. तिला कुणी बिचारी म्हटलेलं खपत नसे. दोन्ही हातांनी व्हीलचेअरची चाकं फिरवत घरभर हिंडायची, अंगणात पेपर घेऊन बसायची, स्वयंपाकघरात शिरून मंदाला — माझ्या बायकोला — वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगायची. आणि दर गुरुवारी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, मदन महल वस्तीत जायचं असे, शैलाताईकडे. शैलाताई तिच्याच शाळेत संस्कृत शिकवायच्या. दोघी मिळून काय करायच्या म्हणाल तर भांडायच्या. शब्दकोड्यावरून, पोह्यांवरून, वीस वर्षांपूर्वीच्या हेडमास्तरीणबाईंवरून. संध्याकाळी ताई परत यायची तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा लख्ख असे.

त्यासाठीच मी एक जुनी व्हॅन घेतली. नाक्यावरच्या लखन वेल्डरकडून मधली सीट काढून घेतली, मागून खुर्ची वर चढवायला लोखंडी उतार करून घेतला, आणि गाडीच्या तळाला चार कड्या जोडून घेतल्या. चार कड्या, चार पट्टे. दोन खुर्चीच्या पुढे, दोन मागे. लखन कामाचा पक्का माणूस. ताईला बसवण्याआधी तो स्वतः त्या खुर्चीत बसला, मला गाडी चालवायला लावली, ब्रेक मारायला लावला. मग उतरून म्हणाला, "बाबूजी, चारों लगाना, हर बार। पास जाना हो तब भी। ब्रेक लगेगा तो पीछे वाले ही रोकेंगे।"

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आता तुम्ही कधी अशी खुर्ची बांधली आहे का? नसेल बांधली. मागचं दार उघडा, उतार खाली टाका, खुर्ची ढकलत वर चढवा, तिचे ब्रेक लावा. मग बाजूच्या दारातून वाकून पुढचे दोन पट्टे अडकवा आणि ओढून ताणा. मग मागे या, गुडघ्यावर बसा, हात आत घालून मागचे दोन. शेवटी कमरेचा पट्टा, तेवढा ताई स्वतः लावायची. दहा-बारा मिनिटं सहज जातात. आणि गल्ली केवढी, तर एक व्हॅन उभी राहिली की संपली. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवतात, कुणी म्हणतं, "भैया, कितनी देर?" घाम डोळ्यांत जातो. आणि ताई आतून मास्तरणीच्या आवाजात विचारते, "ताणलास का नीट? डावा ढिला वाटून राहिला." दर गुरुवारी. जाताना एकदा, येताना एकदा. चार वर्षं.

मी वैतागायचो. सांगतोच आहे तर सरळ सांगतो — तिच्यावर वैतागायचो. तिच्या त्या विचारण्यावर, तिच्या गुरुवारावर, तिच्या शैलाताईवर. लोक म्हणायचे काय सेवा करतो, आणि मी मनात म्हणायचो, या बाईला एक गुरुवार घरी बसवत नाही का.

मे महिन्यातला गुरुवार होता. ऊन मी म्हणत होतं. पुढचे दोन पट्टे लावून मी मागे आलो. तीन स्कूटर आणि एक हातगाडी मागे खोळंबलेली. हातगाडीवाला शिव्या द्यायला लागला होता. मी गुडघ्यावर बसलो, पट्टा हातात घेतला — आणि ठेवून दिला. दोन्ही ठेवून दिले. दार लावलं.

पुढचे पट्टे ताईला दिसायचे. मागचे दिसायचे नाहीत, मान तेवढी वळायची नाही तिची. म्हणून तिनं विचारलं, "मागचे लावले?"

मी म्हणालो, "लावले ना."

किती सोपं होतं. आवाजसुद्धा बदलला नाही माझा.

मदन महलच्या अलीकडे एक ऑटो सवारी दिसली म्हणून माझ्यापुढे एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. फार वेग नव्हता, मला तर धक्काही जेमतेम बसला. पण मागे खुर्ची उचलली गेली आणि ताईला घेऊन पुढे उलटली. तिचा उजवा खांदा माझ्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आदळला. ती ओरडली नाही. फक्त माझं नाव घेतलं, "विलास."

खांदा मोडला होता. कपाळाला टाके पडले. दवाखान्यात मंदा धावत आली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, पट्टे असताना खुर्ची उलटली कशी? मी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि निघालं ते हे — "मागची कडी निसटली. लखनचं काम कच्चं निघालं."

झालं. यापुढे मला काही करावंच लागलं नाही. खोटं एकदा बोलावं लागतं, मग बाकीचे लोक ते तुमच्यासाठी बोलत राहतात. मंदानं शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी नाक्यावर. दुसऱ्या दिवशी लखन घरी आला. आधी व्हॅनमध्ये चढला. मागच्या कड्यांत बोटं घालून त्यानं सगळा जोर लावून ओढलं, एक, मग दुसरी. तसूभर हलल्या नाहीत. मग दोन्ही पट्टे हातात घेऊन पाहिले. ना कुठे उसवलेले, ना ओरखडा. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हुक फिसल गया होगा।"

त्यानं पट्टे घडी करून खाली ठेवले. म्हणाला, "आप कह रहे हैं, तो फिसल गया होगा।"

आणि आत जाऊन त्यानं ताईपुढे हात जोडले. माफी मागितली. ताई त्याला म्हणाली, "आप पर भरोसा था, लखन भैया।" एवढंच. मी दारात उभा होतो. मध्ये दोन पावलांचं अंतर असेल. ती दोन पावलं मी टाकली नाहीत.

तुम्हाला वाटलं असेल, हीच कबुली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण नाही. एवढं तर भित्रा माणूस करतोच — चुकतो, घाबरतो, दुसऱ्यावर ढकलतो. पुढचं ऐका.

ताईचा खांदा जुळला, पण हात वर जाईना, त्यात जोर राहिला नाही. एका हातानं चाक फिरवलं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. ते तिनं चार-दोन दिवस करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग कुणी ढकललं तर ती हलायची, नाही तर नाही. आणि व्हॅनमध्ये बसायला तिनं साफ नकार दिला. लखननं नव्या कड्या जाड पत्र्यावर लावून दिल्या, एक पैसा घेतला नाही. ती म्हणाली, "ज्याची एकदा निसटली त्याची पुन्हा निसटेल." भूगोलाच्या बाईंचा तर्क. त्यात चूक काढायला जागा नव्हती, फक्त मुळातली गोष्ट खोटी होती.

गुरुवार बंद झाले. शैलाताईंचे गुडघे गेलेले, त्या घराबाहेर पडू शकत नव्हत्या. दोघी फोनवर बोलायच्या, पण फोनवर भांडण रंगत नाही. आणि मी — हे कसं सांगू — मी सुटलो होतो. हॉर्न नाही, घाम नाही, "डावा ढिला" नाही. चिडायला काही उरलं नाही तरी मी चिडतच राहायचो, फक्त कुणावर ते आता कळत नव्हतं.

तीन वर्षांनी एका सकाळी शैलाताईंच्या सुनेचा फोन आला. त्या गेल्या होत्या. दुपारी नदीवर, ग्वारीघाटाच्या स्मशानात नेणार होते. ताईनं मंदाला पांढरी साडी काढायला लावली, नेसली, आणि खुर्ची दारापर्यंत ढकलायला सांगितली. मी व्हॅन आणून उभी केली, उतार टाकला. ती त्या उताराकडे बघत राहिली.

म्हणाली, "विलास, मला जायचं आहे रे. पण ती कडी..."

तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. ताई, कडी निसटली नव्हती, मी पट्टे लावलेच नव्हते. एवढं ऐकलं असतं तर ती माझ्यावर संतापली असती, कदाचित पुन्हा कधी बोलली नसती, पण गाडीत बसली असती. कारण गाडी पक्की होती. लखनचं काम पक्कं होतं. भ्यायचं होतं तर माझ्या हाताला, आणि तो हात तर मी तिच्यासमोर पट्ट्याला लावून दाखवू शकलो असतो. मंदा शेजारी उभी होती. समोरच्या दुकानातले दोघं उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते — बहिणीसाठी एवढं करणाऱ्या भावाकडे.

मी म्हणालो, "नसेल वाटत तर राहू दे, ताई. जबरदस्ती नाही."

काय समजूतदार आवाज होता माझा.

तिनं मान खाली घातली. मंदानं खुर्ची वळवून आत नेली. मी उतार उचलून आत टाकला, दार लावलं. दुपारभर ती साडी न बदलता खिडकीशी बसून होती. संध्याकाळी म्हणाली, आता उतरवते.

पुढच्याच वर्षी ताई गेली. लखन आला होता, मागे उभा होता. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दीदी बहुत अच्छी थीं।" मी म्हणालो, हो. तो थांबला नाही, मी थांबवलं नाही.

त्याचं दुकान अजून नाक्यावर आहे. गाड्यांचं काम त्यानं त्या अपघातानंतरच सोडलं, आता खिडक्यांच्या जाळ्या करतो. मी बाजारात जाताना मागच्या गल्लीनं जातो. लांब पडतं.